बाळांना सोबत आणू नये

मी चार पत्रं लिहिली, तेव्हा कुठे त्यांनी मला खुर्ची दिली. पहिल्या तीन पत्रांना उत्तरच आलं नाही. चौथं जरा कडक शब्दांत लिहिलं, तर आठवड्याच्या आत आरोग्य खात्यातून फोन. कोणत्या तपासण्या लोकांनी घरच्या घरी, स्वतःच्या हातानं कराव्यात आणि कोणत्या करू नयेत याची यादी ठरवणारी एक समिती आहे, तिच्यात 'माता प्रतिनिधी' अशी एक जागा रिकामी आहे, याल का? आवाज इतका गोड होता की मला लगेच कळलं, ही बाई फार ओरडते, हिला आत घेऊन बसवा, असं कुणीतरी ठरवलंय.

येते, म्हटलं.

माझ्या पत्रांचा विषय एकच होता. माझी ढमी सहा महिन्यांची असताना तिला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक नवी डबी विकायला ठेवली होती. डबीवर हसरं बाळ, आत लघवी तपासायच्या पट्ट्या. पट्टी लघवीत बुडवायची, दोन मिनिटं थांबायचं आणि रंग ताडून बघायचा. जांभळी झाली तर जंतुसंसर्ग, पांढरी राहिली तर काही नाही. मी पदवीला रसायनशास्त्र घेतलं होतं, रंग बघून निकाल सांगण्यात माझा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. मला वाटलं, हे तर आपलंच काम.

डबीतल्या पत्रकात लिहिलं होतं, 'ताजी व स्वच्छ लघवी घ्यावी.' सहा महिन्यांच्या मुलीची ती कशी घ्यावी, हे लिहिलं नव्हतं. मी तापानं किरकिरणाऱ्या पोरीखाली अर्धा तास वाटी धरून बसले. वाटी कोरडी, चादर ओली. शेवटी तिचा डायपर फाडला, आतला फुगलेला लगदा पिळला आणि कसेबसे चार थेंब काढले. पट्टी पांढरी राहिली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "आता तरी पटलं? पोर शिंकली की तुझा जीव खालीवर. थांब उद्यापर्यंत."

"दात येत असतील," नवरा म्हणाला. "पट्टी काय तुझ्याशी खोटं बोलेल?"

माझं मन सांगत होतं की काहीतरी बिघडलंय. पण माझ्या मनाला आमच्या घरात कुणी विचारत नाही, कारण ते रोजच काहीतरी सांगत असतं. आणि त्या दिवशी हातात पुरावा होता, पांढराशुभ्र. मी थांबले. एक दिवस थांबले, दुसरा दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी सकाळी ढमी डोळे उघडेना. लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. नऊ दिवस इस्पितळात. एका मूत्रपिंडावर व्रण राहिला आहे. तो तेवढाच राहतो की त्रास देतो, हे ती मोठी होईल तसं कळेल. म्हणजे ती मोठी होईपर्यंत मी वाट बघायची.

इस्पितळाच्या व्हरांड्यातच नवरा म्हणाला, "तू तो डायपर पिळायला नको होतास." सासूबाईंनीही तेच धरलं. आल्यागेल्याला सांगायच्या, "हिनंच केली ना ती तपासणी घरी. शिकलेली आहे, आपण काय बोलणार!"

मी कंपनीला कळवलं. पट्टीबद्दलचा कंपनीचा अहवाल समितीच्या कागदांतून माझ्या हाती आला, तेव्हा पान एकतीसवर, तळटिपेत, ढमी भेटली. 'एका प्रकरणात चुकीचा निकाल. कारण: वापरणाऱ्याची चूक.'

आणि आता ही पट्टी घरच्या यादीत घालायची की नाही, ते ठरायचं होतं. यादीत आली की प्रसूतिगृहातून घरी निघणाऱ्या प्रत्येक आईच्या पिशवीत एक डबी जाणार होती. फुकट, सरकारी शिक्क्यासह.

बैठक दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली कधीकाळचं पिवळं पडलेलं वेळापत्रक. ढमी अजून अंगावर पिते, म्हणून सासूबाई तिला घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. "लवकर आटप," म्हणाल्या. "आणि तिथे उगाच वाद घालू नकोस. मोठी माणसं असतात."

मोठी माणसं चार होती. अध्यक्षबाई, एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या. एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टर. एक आकडेतज्ज्ञ, जो कुणाकडे न बघता पेन्सिलीला टोक काढत होता. आणि कंपनीचा माणूस. याला मत नव्हतं, फक्त माहिती द्यायची होती, पण सगळ्यात जास्त तोच बोलत होता. त्याच्या तोंडी सारखं 'पाच मिनिटांचं काम' असायचं, म्हणून मी मनात त्याचं नाव पाचमिनिटे ठेवलं. कोपऱ्यात लेखनिक बाई सगळं टिपून घेत होत्या.

पहिल्या तीन तपासण्या भराभर झाल्या. दिवस गेलेत का ते बघायची पट्टी यादीत आहेच, ती राहू दे, यावर मीही हो म्हटलं. ते बाईला आधी एकटीला कळावं, मग घराला, हे मी स्वतः अनुभवलंय. बोट टोचून साखर बघायचं यंत्र राहू दे, रोज बघणाऱ्याचा हात बसतो आणि आज चुकलं तर उद्या कळतं. छातीत दुखत असताना रक्ताचा थेंब घेऊन घरी करायची तपासणी मात्र अध्यक्षबाईंनी एका वाक्यात बाद केली: "ज्याच्या छातीत कळ येतेय त्यानं दवाखान्यात जायचं, पत्रक वाचत बसायचं नाही." मला त्या आवडायला लागल्या होत्या.

चौथी आमची.

"शंभर आया," पाचमिनिटे उभा राहून म्हणाला. "त्यातल्या सत्त्याण्णव जणींनी बरोबर निकाल काढला. सत्त्याण्णव! काहीही प्रशिक्षण नाही. पाच मिनिटांचं काम आहे, मॅडम. कुठलीही आई करू शकते."

डॉक्टरांनी मान हलवली. "दवाखान्यातली गर्दी कमी होईल. तापाच्या प्रत्येक बाळाला घेऊन लोक धावत येतात."

"येऊ नये का त्यांनी?" मी विचारलं.

"तसं नाही हो, ताई. पण थोडं... तुम्हा लोकांना काळजी जरा जास्तच असते." आणि ते हसले. ते हसू मला पाठ आहे. लस टोचताना हेच, वजन करताना हेच, आणि ढमी रात्रीत तीनदा दूध ओकली म्हणून विचारायला गेले तेव्हाही हेच.

मी अहवाल उघडला. "या शंभर आयांनी लघवी कशात धरली?"

"कपात," पाचमिनिटे म्हणाला.

"बाळाखाली कप धरून?"

"नाही नाही. नमुना आम्ही पुरवला होता. प्रत्येकीसमोर कप ठेवलेला. तयार द्रव, अर्धे कप संसर्गाचे, अर्धे चांगले. फक्त बुडवायचं आणि वाचायचं."

मला एक क्षण वाटलं, आपल्याला ऐकू नीट येत नाहीये. "आणि बाळं?"

"बाळांचा संबंध कुठे येतो?"

"लहान बाळांची तपासणी आहे ना ही?"

"अहो, पण चाचणी आयांची होती." तो मला लहान मुलीला समजवावं तसं समजावू लागला. "आयांना लक्ष देता यावं म्हणून निमंत्रणातच स्पष्ट लिहिलं होतं." त्यानं परिशिष्ट काढून दाखवलं. खरंच लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. 'कृपया बाळांना सोबत आणू नये.'

खोलीत कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं. नऊ दिवस सलाईनची सुई टोचून टोचून ढमीच्या हाताला जागा उरली नव्हती, शेवटी डोक्यात लावली होती. आणि ह्यांनी शंभर बायका बोलावल्या, त्यांच्यापुढे रंगीत पाणी ठेवलं, आणि सत्त्याण्णव म्हणून छापलं.

"अवघड भाग तर तुम्ही केलाच नाही," मी म्हटलं.

"ताई, लघवी घेणं हे काही तपासणीत धरत नाहीत. आई रोज बाळाचं सगळं करतच असते. पाच मिनिटांचं—"

"मग करा."

"काय?"

"पाच मिनिटांचं काम करा. माझी मुलगी बाहेर आहे. अकरा महिन्यांची, आज ताप नाही, पोट भरलेलं आहे, खुशीत आहे. यापेक्षा सोपं बाळ तुम्हाला मिळायचं नाही. डबी आहे ना तुमच्याकडे?"

डबी होती. नमुन्यादाखल प्रत्येकाच्या पुढे एकेक ठेवलेली होती.

"हे समितीच्या कामकाजात..." डॉक्टर बोलू लागले.

अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "आणा मुलीला," म्हणाल्या.

सासूबाई दारात आल्या त्या घाबरूनच. "काय झालं? वाद घातलास ना?" मी ढमीला घेतलं, टेबलाच्या काचेवर दुपटं अंथरलं, तिला बसवलं आणि डायपर काढला. ढमीला एवढं प्रेक्षकमंडळ कधी मिळालं नव्हतं. तिनं टाळ्या वाजवल्या.

पहिला मान डॉक्टरांचा. त्यांनी बाह्या सरसावल्या. "याची एक युक्ती असते. गार पाण्यात कापूस बुडवून ओटीपोटावर हलके हलके चोळायचं. बघा आता." चोळलं. ढमीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली, पालथी झाली आणि काचेवरून रांगत आकडेतज्ज्ञाकडे निघाली. डॉक्टर एका हातात कप आणि एका हातात कापूस घेऊन टेबलाच्या कडेकडेनं तिच्या मागे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. कापूस कोमट झाला.

"तुम्ही धरा," डॉक्टर आकडेतज्ज्ञाला म्हणाले. त्यानं पेन्सिल खाली ठेवून ढमीला काखेत धरून उभं केलं, जशी पाहुण्याच्या घरची फुलदाणी धरावी तशी. ढमीनं पेन्सिल उचलून तोंडात घातली. ती काढून घेतली, तर भोकाड पसरलं.

"पाणी पाजा तिला," अध्यक्षबाई म्हणाल्या. पाजलं. त्यांनी स्वतः तिला मांडीवर घेतलं आणि कप नेमका धरून बसल्या, प्रयोगशाळेतला चाळीस वर्षांचा स्थिर हात. मी मनात म्हटलं, ह्यांना जमेल. सात-आठ मिनिटांनी त्यांनी मान अवघडली म्हणून कप जरा बाजूला केला, आणि त्याच क्षणी त्यांची साडी भिजली.

दारात सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"असू दे, असू दे," अध्यक्षबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा बदलला होता. कप कोरडा होता.

पाऊण तास झाला. उरला पाचमिनिटे. त्याला जाता येत नव्हतं, कारण सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं कोट काढून खुर्चीला लावला आणि ढमीपुढे उकिडवा बसला, कप पुढे करून, भिक्षेकऱ्यासारखा. ढमीनं आधी त्याचं नाक धरलं. मग अहवालावर बसली, आणि तिथेच धार सोडली. "आली! आली!" तो ओरडला. कप खुपसला, अर्धी धार पान एकतीसवर, काही टेबलावर, आणि बोटभर कपाच्या तळाशी. त्यात बिस्किटाचा चुरा तरंगत होता, कारण रडं थांबवायला लेखनिक बाईंनी मधेच बिस्किट दिलं होतं.

"चालेल, चालेल," म्हणत त्यानं पट्टी बुडवली. आम्ही सगळे टेबल पुसायला धावलो. टेबल पुसून झालं तेव्हा अध्यक्षबाईंनी विचारलं, "किती वाजता बुडवली?"

कुणीही घड्याळ बघितलं नव्हतं.

"झाली असतील दोन मिनिटं," पाचमिनिटे म्हणाला. "ही बघा. पांढरी."

"किंचित जांभळट आहे," डॉक्टर म्हणाले.

"उजेडात धरा," अध्यक्षबाई म्हणाल्या. खिडकीशी नेली. खिडकीशी ती करडी दिसत होती.

"तुमच्यापैकी कुणाचं बाळ आजारी नाहीये," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "तुमच्यापैकी कुणी दोन रात्री जागलेलं नाही. बाळ रडत नाहीये, तापानं फणफणलेलं नाहीये. तुम्ही चौघं, त्यात एक बाळांचे डॉक्टर. ही पट्टी जांभळी आली असती तर तुम्ही धावला असतात. पण पांढरी आली की काय होतं ते सांगते. पांढरी आली की घरातला प्रत्येक माणूस आईला म्हणतो, गप बस. तपासणी घरी द्यायची की नाही हे ठरवायला तुमच्या कागदात चार प्रश्न आहेत, नमुना सोपा आहे का, निकाल सोपा आहे का, वगैरे. पांढऱ्या पट्टीनंतर घरात काय होतं, हा प्रश्न त्यात नाहीये. आई घाबरते म्हणून तर बाळ दवाखान्यात पोचतं, आणि तुम्ही तिची भीती घालवायचं यंत्र तिच्याच पिशवीत फुकट घालताय."

डॉक्टर या वेळी हसले नाहीत.

"हे मूल जरा चंचल आहे," पाचमिनिटे रुमालानं हात पुसत म्हणाला. "आजचा प्रकार नोंदीत धरू नये."

"धरावा लागेल," आकडेतज्ज्ञ म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं वाक्य. "चार जणांनी प्रयत्न केला. वापरण्याजोगा नमुना शून्य. तुमच्या अहवालाच्या पद्धतीनं लिहायचं तर, वापरणाऱ्याची चूक, चारपैकी चार."

"आमची कसली चूक?" पाचमिनिटे उसळला. "नमुनाच हाती येत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

"हे लिहून घ्या," मी लेखनिक बाईंना म्हटलं. "जसंच्या तसं."

त्यांनी अध्यक्षबाईंकडे बघितलं. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. मग भिजलेली साडी सावरत त्या म्हणाल्या, "पट्टी घरच्या यादीत नाही. दवाखान्यात, नर्सच्या देखरेखीखाली वापरा. डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले, हो. आकडेतज्ज्ञ म्हणाला, हो.

"आणि ती तळटीप," मी म्हटलं.

"ते फक्त तांत्रिक शब्द आहेत, ताई—"

"एक प्रकरण म्हणजे ही," मी ढमीला उचलून पाचमिनिटेसमोर धरलं. "हिच्या तोंडावर वाचून दाखवा तांत्रिक शब्द."

त्यानं वाचले नाहीत. ओलं पान रुमालानं टिपू लागला. अध्यक्षबाईंनी लेखनिक बाईंना सांगितलं, "कंपनीला लिहा. कारण बदला. 'नमुना घेण्याची कोणतीही सोय वा सूचना न दिल्यामुळे.' सुधारलेली प्रत आल्याशिवाय मी सही करत नाही."

मला वाटलं होतं, त्या क्षणी मला हलकं वाटेल. नाही वाटलं. ढमीला डायपर लावताना चिकटपट्टी दोनदा चुकली.

बाहेर रस्त्यावर आलो तर ऊन होतं, फूटपाथ उखडलेला होता आणि आम्ही दोघी एकीमागे एक चालत होतो. ढमी माझ्या खांद्यावर पेंगत होती.

"काय गं तो कंपनीवाला, नाक धरलं हिनं त्याचं!" सासूबाई हसल्या. मी हसले नाही. मग म्हणाल्या, "एवढे मोठे डॉक्टर, त्यांनाही जमलं नाही. म्हणजे तुझी चूक नव्हतीच म्हणायची."

मी थांबले. मागून येणारा एक माणूस माझ्यावर आदळता आदळता वाचला.

"पाच महिने, आई," मी म्हटलं. "पाच महिने मी तुम्हाला सांगतेय. तुमच्या मुलालाही सांगतेय. तेव्हा तुम्हाला पटलं नाही. चार परक्या माणसांनी टेबलावर गोंधळ घातला, तेव्हा पटलं."

"अगं, मी कुठे काय म्हटलं तुला?"

"आल्यागेल्याला म्हटलंत. शेजारी, नणंदेच्या घरी, फोनवर. शिकलेली आहे, आपण काय बोलणार. मी आत भांडी लावत असायचे, मला ऐकू यायचं."

त्यांनी पदर सारखा केला. त्यांचं तोंड कसंनुसं झालं, आणि एरवी मी लगेच विषय बदलला असता, त्यांच्या हातातली पिशवी घेतली असती. सून म्हणून इतक्या वर्षांत मला तेवढं तरी शिकवलेलं आहे. मी पिशवी घेतली नाही.

आम्ही पुढे निघालो. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला उभ्या राहिलो. गाड्या थांबत नव्हत्या. सासूबाईंनी ढमीच्या लोंबकळत्या पायातला मोजा वर ओढला, आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी... थांब उद्यापर्यंत, असं मीच म्हटलं होतं ना?"

जाऊ द्या हो आई, असं म्हणायला हवं होतं. वाट बघत होत्या त्या त्याची. मला कळत होतं.

"हो," मी म्हटलं. "तुम्हीच म्हटलं होतं. आणि मी ऐकलं."

गाड्या थांबल्या. आम्ही रस्ता ओलांडला.